पत्ता ज्याच्या त्याच्या अंगावर



मागच्या दोन भागांत आपण प्रथिनांविषयी बोललो. डाळ, अंडी, शेंगदाणे, दूध यांतली प्रथिनं पोटात मोडतात आणि त्यांचे सुटे मणी होतात. या मण्यांना अमायनो आम्लं म्हणतात. त्यांचे प्रकार वीस. तेच मणी पुन्हा ओवून आपली पेशी स्वतःला हवी ती प्रथिनं तयार करते, इथपर्यंत आपण आलो होतो.

त्यानंतर गटांच्या बैठकांमध्ये एक प्रश्न सारखा येत राहिला. "पेशी प्रथिनं बनवते हे कळलं. पण ती ज्याच्या त्याच्या जागी जातात कशी? इन्सुलिन रक्तातच का जातं? दुधातलं प्रथिन दुधातच का उतरतं? त्यांना रस्ता कोण दाखवतं?" प्रश्न इतका नेमका होता की आजचा सगळा भाग आम्ही त्याच्यासाठीच ठेवला आहे. आणि हा नुसता माहितीचा प्रश्न नाही. धनुर्वाताचं इंजेक्शन, बाळाचं पहिलं दूध, साखरेच्या आजारातलं इन्सुलिन, मुलांचे काही जन्मजात आजार, हे सगळं याच प्रश्नाला येऊन मिळतं.

गटाची दिवाळीची ऑर्डर डोळ्यांसमोर आणा. एकाच घरात चकली, शेव, चिवडा, लाडू तयार होतात. कोणतं खोकं तालुक्याच्या दुकानात जायचं, कोणतं पुण्याला, कोणतं गावातल्याच घरी, हे वहीत लिहिलेलं असतं. एकजण वही बघते, दुसरी खोक्यावर चिठ्ठी चिकटवते, तिसरी ते एसटी स्टँडवर नेऊन देते. चिठ्ठी सुटली तर माल कितीही चांगला असो, खोकं स्टँडवर पडून राहतं किंवा भलत्याच घरी पोचतं.

आता पेशीकडे बघू. आपली एक साधारण पेशी केसाच्या जाडीच्या पाचव्या-सातव्या हिश्शाएवढी. पण आतून ती एक मोकळी खोली नसते, तो वाडा असतो. मधे केंद्रक, म्हणजे जिथे सगळ्या पाककृतींची मूळ वही जपून ठेवलेली आहे ती खोली. शक्ती तयार करणाऱ्या तंतुकणिका, म्हणजे वाड्याच्या चुली. जाळ्यासारखी पसरलेली आंतर्द्रव्यजालिका, चपट्या पिशव्यांचं गॉल्गी संकुल, टाकाऊ माल जिरवणाऱ्या लयकारिका. ही नावं मुलांच्या विज्ञानाच्या पुस्तकात असतात. या प्रत्येक खोलीला पडद्याची भिंत आहे आणि प्रत्येक खोलीला वेगवेगळी प्रथिनं लागतात. हजारो तऱ्हेची प्रथिनं एकाच वेळी तयार होत असतात. तिथे वही नाही, चिठ्ठी चिकटवणारी बाई नाही, स्टँडवर नेणारी नाही. तरीही माल पोचतो.

कसा पोचतो, ते एका वाक्यात सांगता येईल. प्रथिनाचा पत्ता प्रथिनाच्या अंगातच ओवलेला असतो. वेगळी चिठ्ठी नाही. माळेतलेच काही मणी म्हणजे पत्ता.

ही कल्पना मांडली ग्युंटर ब्लोबेल या शास्त्रज्ञाने. त्यांचा जन्म १९३६ चा, तेव्हाच्या जर्मनीतला. पुढे ते अमेरिकेत न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात काम करू लागले. १९७१ साली त्यांनी आणि त्यांचे सहकारी डेव्हिड साबातिनी यांनी अंदाज मांडला की पेशीबाहेर जाणाऱ्या प्रथिनाच्या सुरुवातीच्या टोकाला काहीतरी खूण असली पाहिजे. तेव्हा हातात पुरावा नव्हता. दुसऱ्याच वर्षी इंग्लंडमध्ये सेझार मिलस्टाइन आणि त्यांच्या सहकाऱ्यांना दिसलं की परीक्षानळीत बनवलेल्या एका प्रतिपिंडाची साखळी पेशीतून बाहेर आलेल्या साखळीपेक्षा थोडी लांब भरते. म्हणजे बाहेर पडण्याआधी कुठेतरी एक तुकडा कापला जात होता.

१९७५ साली ब्लोबेल आणि बर्नहार्ड डोबरस्टाइन यांनी ते करून दाखवलं. त्यांनी पेशी फोडून तिचे भाग सुटे केले आणि परीक्षानळीत पुन्हा एकत्र आणले. प्रथिनाची कृती घेतली उंदराच्या पेशीतली, आणि जालिकेचे तुकडे घेतले कुत्र्याच्या स्वादुपिंडातले. जालिका नसेल तर प्रथिन लांबच राहायचं. जालिका असेल तर ते तिच्या आत शिरायचं आणि पुढचा तुकडा कापला जायचा. उंदराचा पत्ता कुत्र्याच्या पेशीने बरोबर वाचला होता. पुढे दिसून आलं की माणूस, झाडं, पावाचं पीठ फुगवणारं यीस्ट, सगळ्यांकडे पत्त्याची पद्धत जवळजवळ एकच आहे. १९९९ साली ब्लोबेल यांना नोबेल मिळालं. लहानपणी त्यांनी ड्रेस्डेन शहर युद्धात बेचिराख झालेलं पाहिलं होतं. बक्षिसाची बहुतेक सगळी रक्कम त्यांनी त्या शहराच्या पुनर्बांधणीला देऊन टाकली.

एक योगायोग सांगितल्याशिवाय राहवत नाही. मिलस्टाइन यांना तो लांब तुकडा दिसला त्याच १९७२ साली, १५ ऑगस्टला, आपल्या देशात पिनकोड सुरू झाला. तो आखणारे श्रीराम भिकाजी वेलणकर हे मराठी अधिकारी आणि संस्कृत कवी. एकाच नावाची कितीतरी गावं, निरनिराळ्या भाषा आणि लिप्या, यातून टपाल नीट पोचावं म्हणून सहा आकडे आले. महाराष्ट्र आणि गोव्यातल्या पिनकोडची सुरुवात ४ ने होते, आणि शेवटचे तीन आकडे नेमकं टपाल कार्यालय सांगतात. पत्र जसजसं पुढे जातं तसतसा पुढचा आकडा कामी येतो. पेशीतही असंच आहे. एका टप्प्यावर पत्त्याचा एक भाग वाचला जातो, पुढच्या टप्प्यावर दुसरा.

आता इन्सुलिनच्या मागोमाग जाऊ. आपल्यापैकी कित्येकींच्या घरी फ्रीजमध्ये ते असतंच.

पोटामागे स्वादुपिंड असतं. त्यातल्या काही खास पेशी इन्सुलिन बनवतात. केंद्रकातल्या वहीतून कृतीची एक नक्कल बाहेर येते. रायबोसोम नावाचं ओवणारं यंत्र ती नक्कल वाचतं आणि सेकंदाला साधारण पाच-सहा मणी या वेगाने माळ ओवायला लागतं. इन्सुलिनची माळ सुरुवातीला ११० मण्यांची असते. म्हणजे वीसेक सेकंदांचं काम.

यातले पहिले २४ मणी म्हणजे पत्ता. त्यातले मधले बरेचसे तेलकट स्वभावाचे. तेलाचा थेंब जसा पाण्यात रमत नाही तसे हे मणी पेशीतल्या पाण्यात रमत नाहीत, त्यांना पडद्याजवळ जायचं असतं. हे तेलकट टोक रायबोसोममधून बाहेर डोकावलं की एक वाटाड्या कण त्याला येऊन पकडतो. हा वाटाड्या पत्ता डोळ्यांनी वाचत नाही. त्याच्या अंगावर एक तेलकट खोबण असते, तिच्यात असं टोक बसतं. कुलपाला किल्ली बसावी तसं. टोक बसलं की ओवण्याचं काम जरा थांबतं. वाटाड्या रायबोसोमला माळेसकट जालिकेच्या दाराशी नेऊन सोडतो. मग काम पुन्हा सुरू होतं, पण आता माळ ओवता ओवता दारातून आत सरकत जाते. आत शिरली की २४ मण्यांचा तुकडा कापला जातो. पत्त्याचं काम झालं.

हिशेब ठेवा हं. ११० मधून २४ गेले, ८६ राहिले.

जालिकेच्या आत माळेला घडी पडते. प्रथिन म्हणजे नुसती सरळ माळ नव्हे. ती ठरलेल्या आकारात दुमडली तरच कामाची. इथे घडीला मदत करणारी प्रथिनं असतात आणि तपासणीही असते. घडी चुकली तर पुन्हा संधी मिळते, तरीही जमलं नाही तर तो माल मोडीत काढला जातो. वाकडी पडलेली पोळी आपण डब्यात भरत नाही, तसंच.

पास झालेला माल छोट्या पडद्याच्या फुग्यांत भरून गॉल्गी संकुलाकडे जातो. हे दिसायला भाकऱ्यांच्या चवडीसारखं, चपट्या पिशव्या एकावर एक. माल एका बाजूने येतो, वाटेत त्यावर संस्कार होतात, आणि दुसऱ्या बाजूला त्याची वर्गवारी होते. कोणता लयकारिकेकडे, कोणता पेशीच्या बाहेरच्या पडद्याकडे, कोणता साठवणीत. हा रस्ता प्रथम शोधला मूळचे रोमानियाचे शास्त्रज्ञ जॉर्ज पॅलाडी यांनी. त्यांनी आणि सहकाऱ्यांनी गिनीपिगच्या स्वादुपिंडाला किरणोत्सारी खूण केलेली अमायनो आम्लं थोडा वेळ दिली आणि मग ठरावीक वेळाने ती खूण कुठे पोचली ते पाहिलं. आधी जालिका, मग गॉल्गी, मग साठवणीच्या पिशव्या. १९७४ साली त्यांना नोबेल मिळालं.

इन्सुलिन साठवणीच्या फुग्यांत जातं. तिथे ८६ मण्यांच्या माळेतून मधले ३५ मणी निघतात आणि ५१ मण्यांचं खरं इन्सुलिन तयार होतं. त्या ३५ पैकी ३१ मण्यांच्या तुकड्याला सी-पेप्टाइड म्हणतात. तो तुकडा इन्सुलिनबरोबरच रक्तात येतो. म्हणून एखाद्या रुग्णाचं शरीर स्वतः किती इन्सुलिन बनवतंय हे बघायचं असेल तर डॉक्टर सी-पेप्टाइडची तपासणी सांगतात. बाहेरून टोचलेल्या इन्सुलिनमध्ये हा तुकडा नसतो. कुणाच्या रिपोर्टवर हे नाव दिसलं तर घाबरू नका, ती आपल्याच मालाची मोजणी आहे.

भरलेले फुगे पेशीत थांबून राहतात. आपण जेवतो, रक्तात साखर वाढते, पेशीला ती कळते आणि दार उघडायचा इशारा होतो. फुग्यावर काही आकड्यांसारखी प्रथिनं असतात आणि पेशीच्या पडद्यावर त्यांची जोडीदार. ब्लाउजच्या हुकासारखी. हुक अडकले, पीळ बसला की फुगा पडद्याला ओढला जातो, दोन्ही पडदे एक होतात आणि इन्सुलिन रक्ताच्या वाटेला लागतं. या हुकांचं आणि फुग्यांच्या वाहतुकीचं काम उलगडल्याबद्दल २०१३ साली जेम्स रॉथमन, रँडी शेकमन आणि थॉमस स्यूडहोफ यांना नोबेल मिळालं. शेकमन यांनी बरंचसं काम केलं ते साध्या यीस्टवर.

यीस्टचं नाव आलं म्हणून आणखी एक. आज बाजारात मिळणाऱ्या इन्सुलिनपैकी बरंच यीस्टकडून बनवून घेतलेलं असतं. इन्सुलिनच्या कृतीपुढे 'बाहेर जा' असा यीस्टला वाचता येणारा पत्ता जोडतात, मग यीस्ट तो माल आपणहून बाहेर टाकतं आणि कारखान्यात तो गोळा करून शुद्ध करता येतो. आणि कुणी विचारलं, "एवढं सगळं आहे तर गोळी का देत नाहीत, सुई का?" तर उत्तर सोपं आहे. इन्सुलिन हे प्रथिन आहे. गिळलं तर डाळीतल्या प्रथिनासारखंच पोटात पचून जाईल.

सगळीच प्रथिनं या रस्त्याने जात नाहीत. ज्यांच्यावर पत्ताच नसतो ती जिथे बनली त्या पेशीद्रवातच राहतात, कारण त्यांचं काम तिथेच असतं. तंतुकणिकेत जाणाऱ्यांचा पत्ता बहुधा पुढच्या टोकाला असतो आणि पोचल्यावर कापला जातो. केंद्रकात जाणाऱ्यांचा पत्ता मात्र कापत नाहीत. पेशीचे दोन भाग होताना आपल्या केंद्रकाची भिंत मोडते आणि नव्याने उभी राहते, तेव्हा तीच प्रथिनं पुन्हा आत न्यावी लागतात. पत्ता कापला असता तर परत कुणी ओळखलं असतं? पेरॉक्सिझोम नावाची एक छोटी खोली आहे, तिथे जाणाऱ्या बहुतेक प्रथिनांचा पत्ता अगदी शेवटच्या तीन मण्यांत असतो. या खोलीचं नाव लक्षात ठेवा. थोड्या वेळाने लागणार आहे.

आता वाहतूक अडली तर काय होतं ते बघू. याचं सगळ्यात भयानक उदाहरण आपल्या आज्या-पणज्यांनी डोळ्यांनी पाहिलेलं आहे. धनुर्वात.

धनुर्वाताचे जंतू मातीत, शेणात असतात. जखमेत गेले की ते एक विष सोडतात. १९९२ साली शास्त्रज्ञांच्या लक्षात आलं की हे विष म्हणजे एक कात्री आहे आणि ती कापते फुग्यावरचा तो हुक. आपल्या मज्जापेशींतही फुगे असतात. त्यांत प्रथिनं नसतात, निरोपाची रसायनं असतात, पण फुगा उघडायची पद्धत हुकाचीच. काही मज्जापेशी स्नायूला 'आता सैल हो' असा निरोप पाठवायला मदत करतात. विष नेमकं त्यांचे हुक कापतं. फुगे भरलेले असतात, पण उघडत नाहीत. सैल होण्याचा निरोप थांबतो, स्नायू आवळतच राहतात, जबडा बसतो, पाठ धनुष्यासारखी वाकते. आपल्या भाषेने या आजाराला नाव दिलं ते त्या वाकलेल्या पाठीवरूनच.

पूर्वी घरच्या बाळंतपणात विळ्याने नाळ कापली जायची, बेंबीला राख किंवा शेण लावलं जायचं, आणि आठवड्याभरात बाळ दूध ओढायचं थांबायचं. बाहेरची बाधा झाली म्हणायचे. बाधा नव्हती, हुक कापले गेले होते.

म्हणून गरोदरपणात टीडीचं इंजेक्शन देतात. त्याआधी टीटी होतं. ते घेतल्यावर आईचं शरीर त्या विषाविरुद्ध प्रतिपिंडं बनवतं. प्रतिपिंडं हीसुद्धा प्रथिनंच, आणि इन्सुलिनच्याच रस्त्याने, म्हणजे पत्ता, जालिका, गॉल्गी, फुगा असं करत आईच्या रक्तात येतात. पण बाळ तर वारेच्या पलीकडे. तिथे कशी जाणार? वारेच्या पेशींत एक ओळखणारं प्रथिन असतं. ते आईच्या रक्तातून ही प्रतिपिंडं पकडतं, फुग्यात घालून पेशीच्या एका बाजूने दुसऱ्या बाजूला नेतं आणि बाळाच्या रक्तात सोडतं. ही वाहतूक शेवटच्या तीन महिन्यांत जास्त होते. म्हणजे आईच्या दंडात दिलेली सुई बाळाचं संरक्षण करते ती या फुग्यांमुळे. २०१५ साली भारतातून माता आणि नवजात बाळांच्या धनुर्वाताचं उच्चाटन झाल्याचं जागतिक आरोग्य संघटनेने मान्य केलं. पण मातीतले जंतू कुठे गेलेले नाहीत. इंजेक्शन आणि स्वच्छ बाळंतपण सुटलं तर आजार परत येऊ शकतो.

बाळ जन्मल्यावर दुसरी वाहतूक सुरू होते. पहिले दोन-तीन दिवस येणारं पिवळसर घट्ट दूध, म्हणजे चीक. अजूनही काही घरांत तो पिळून टाकायला सांगतात. "ते जड असतं, बाळाला पचत नाही" म्हणतात. मैत्रिणींनो, त्या थोड्याशा दुधात काय भरलेलं आहे ते ऐका.

स्तनातल्या पेशींजवळ प्रतिपिंडं बनवणाऱ्या पेशी येऊन राहिलेल्या असतात. त्यातल्या कित्येक आईच्या आतड्याकडून आलेल्या असतात, त्यामुळे घरात-गावात जे जंतू आईच्या पोटात गेले त्यांची ओळख त्यांना असते. दूध बनवणारी पेशी ही प्रतिपिंडं एका बाजूने पकडते, फुग्यातून पलीकडे नेते आणि दुधात सोडते. सोडताना पकडणाऱ्या प्रथिनाचा एक तुकडा प्रतिपिंडाला तसाच चिकटून राहतो. त्या तुकड्यामुळे ते बाळाच्या पोटात सहज पचून जात नाही, आतड्यात टिकतं आणि जंतूंना अडवतं. आईने बाळाला घातलेला माल सोबतीणीसकट पाठवला जातो, असं म्हणा. चिकात ही प्रतिपिंडं नंतरच्या दुधापेक्षा कितीतरी दाट असतात.

गाई-म्हशींचंही तसंच. वासराला वारेतून प्रतिपिंडं मिळत नाहीत, त्याचं सगळं संरक्षण चिकातूनच येतं. खरवस थापायला चीकच का लागतो, साध्या दुधाचा का होत नाही? कारण चिकात ही प्रथिनं इतकी दाट असतात की वाफेवर ती गोठून घट्ट वडी बनते. खरवस कुणाला आवडत नाही? पण वासराचा वाटा आधी त्याला, मग उरला तर आपल्याला. आणि आपल्या बाळाचा चीक तर पूर्ण त्याचाच.

आता त्या पेरॉक्सिझोमकडे येऊ. आणि एका आजाराकडे, जो फार विरळा आहे, पण ज्यातून शिकण्यासारखं खूप आहे.

यकृतात एक विकर असतं. म्हणजे काम घडवून आणणारं प्रथिन, ३९२ मण्यांचं. त्याचं काम पेरॉक्सिझोममध्ये. एका त्रासदायक पदार्थाचं ते तिथल्या तिथे निरुपद्रवी पदार्थात रूपांतर करतं. ते काम झालं नाही तर शरीरात ऑक्झलेट वाढतं, त्याचे कॅल्शियमबरोबर खडे बनतात, लहान वयात मुतखडे होतात आणि पुढे मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात.

१९८९ साली इंग्लंडमध्ये ख्रिस्तोफर डॅनप्युर आणि त्यांच्या सहकाऱ्यांना अशा काही रुग्णांत एक चमत्कारिक गोष्ट दिसली. विकर बनत होतं. काम करण्याची ताकदही त्यात होती. पण ते पेरॉक्सिझोमऐवजी तंतुकणिकेत जाऊन बसलं होतं. पुढे कारण कळलं. माळेतला ११ वा मणी बदललेला होता, त्यामुळे पुढच्या टोकाला तंतुकणिकेचा एक अर्धवट पत्ता तयार झाला होता. हा बदल एकटा असेल तर आजार होत नाही. तो कितीतरी निरोगी माणसांत सापडतो. पण त्याच्या जोडीला १७० वा मणीही बदललेला असेल, तर घडी पडायला उशीर होतो आणि तो अर्धवट पत्ता बाजी मारतो. दहातला साधारण नऊ वाटे माल चुकीच्या खोलीत जातो. सुगरण आहे, पण तिला स्वयंपाकघराऐवजी गोठ्यात पाठवलं. तिच्या हातात चव असून उपयोग काय?

३९२ पैकी दोन मणी. एवढ्यावर एका मुलाचं मूत्रपिंड अवलंबून.

हे आम्ही एका कारणासाठी सांगतोय. लहान मुलाला असा काही आजार झाला की पहिलं बोट आईकडे जातं. "पालक खायला घातला, टोमॅटोच्या बिया खायला घातल्या, गरोदरपणात काहीतरी खाल्लं असशील, तुझ्या माहेरचं आहे हे." या आजारात ऑक्झलेट मुख्यतः यकृतातच बनतं, भाजीतून येत नाही. आणि बदललेली कृती एका बाजूने आलेली नसते. आईकडून एक आणि वडिलांकडून एक, अशा दोन्ही नकला बदललेल्या असतील तरच आजार होतो. दोघंही स्वतः निरोगी असतात, दोघांनाही माहीत नसतं. अशा जोडप्याच्या प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार होण्याची शक्यता चारात एक. जवळच्या नात्यात लग्न झालं तर एकाच पूर्वजाची नक्कल दोन्हीकडून येण्याची शक्यता वाढते. मामाच्या मुलीशी लग्न लावताना एवढं तरी घरात बोललं गेलं पाहिजे. त्यात कुणा एका बाईचा दोष शोधायचा नाही.

कारण कळल्याने काय फरक पडतो? पडतो. पत्ता चुकलेल्या या प्रकारातल्या कित्येक रुग्णांना ब-६ जीवनसत्त्वाचा फायदा होतो. त्याने विकराची घडी सुधारते आणि जास्त माल योग्य खोलीत पोचतो. साधी गोळी, पण डॉक्टरांनी ठरवलेल्या मात्रेत. आपल्या मनाने दुकानातून आणायची नाही. २०२० साली अमेरिका आणि युरोपात या आजारावर एक नवं इंजेक्शनही मंजूर झालं, मात्र ते फार महाग आहे.

मोठ्या माणसांत होणारे नेहमीचे मुतखडे वेगळे, त्यांनी या आजाराची भीती घेऊ नये. पण लहान मुलाला मुतखडा झाला, मोठ्या माणसाला पुन्हा पुन्हा होत राहिला, किंवा एकाच घरात दोन भावंडांना झाला, तर नुसतं पाणी पाजून आणि काढा देऊन थांबू नका. मोठ्या रुग्णालयात नेऊन "हा जन्मजात तर नाही ना?" असा सरळ प्रश्न विचारा. पाणी भरपूर द्यायचंच, पण प्रश्नही विचारायचा.

तर मैत्रिणींनो, आजच्या बोलण्यातल्या चार गोष्टी घरी सांगा. गरोदर लेकी-सुनांनी टीडीचं इंजेक्शन चुकवायचं नाही. बाळाचा चीक टाकायचा नाही, जन्मल्यावर तासाभरात बाळाला छातीशी लावायचं. घरात कुणी इन्सुलिन घेत असेल तर ते नियमित घ्यायचं, सुईला लाजायचं नाही. आणि कुणाच्या मुलाला जन्मजात आजार असेल तर त्याच्या आईला बोल लावायचा नाही. एवढ्या लहान पेशीत एवढा मोठा कारभार रात्रंदिवस चालू असतो. त्यातले दोन मणी इकडचे तिकडे झाले तर ते कुणी मुद्दाम करत नाही आणि कुणाच्या पापाने होत नाही. तिच्या अंगणात जाऊन बसा, तिला तपासणीला सोबत करा. गट त्यासाठीच असतो.

या भागाबद्दलचे प्रश्न गटाच्या बैठकीत तुमच्या प्रतिनिधीकडे लिहून द्या, पुढच्या वेळी आम्ही ते घेऊ. पुढच्या भागात लयकारिकांबद्दल बोलू. वाड्यातला केर नेमका जातो कुठे, ते तेव्हा बघू. तोवर नमस्कार.